आमच्या इंदूने केलेला वकील

परवा सकाळी आम्ही दोघं गॅलरीत उन्हाला बसून मटार सोलत होतो. मी दाणे तोंडात टाकतो म्हणून इंदू माझ्या हातावर चापट मारायची, तशी तेव्हाही मारली. "अहो, भाजीला काही ठेवाल की नाही?" मग पाणी प्यायला आत गेली आणि स्वयंपाकघरातच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा नितीन गुडगावहून धावत आला आणि दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो.

इंदू कोण होती ते सांगतो. मला लिहायची सवय नाही. मी सातवी शिकलेला, सरकारी कचेरीत ड्रायव्हर होतो. ती मॅट्रिकला एकदा नापास झाली आणि पुन्हा बसली नाही. पण आमच्या सेक्टरमध्ये बायका शिकलेल्यांना सोडून तिला विचारायला यायच्या. का, ते ऐका.

नोएडात सगळीकडे क्रेन दिसायच्या त्या दिवसांत आम्ही दिल्लीचं सरकारी क्वार्टर सोडून इथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. कॉल सेंटरं निघाली होती. माझा भाचा म्हणाला, "मामा, कॉल सेंटरला गाड्या लावतो, फक्त घराचे कागद बँकेत ठेवा." मी ठेवले. इंदूला म्हटलं, इथे सही कर. तिने केली. वर्षभरात कंपनीने गाड्या बंद केल्या, भाचा फोन उचलेना, आणि एक दिवस बँकेची माणसं आमच्या दारावर कागद चिकटवून गेली. घराचा लिलाव, आणि त्याची तारीख.

मी दार लावून पलंगावर पडून राहिलो. ती म्हणाली, "सही करताना मला विचारलं नाहीत. आता वकील मी बघते."

पण आधी मीच शहाणपणा केला. गणपतीत ओळख झालेले एक मराठी वकील दिल्लीत होते. म्हटलं, आपला माणूस. ते घरी आले, दोनदा पोहे खाल्ले, गावाकडच्या गप्पा मारल्या, कागद घेऊन गेले. तीन आठवडे झाले. मी फोन केला की म्हणायचे, "काका, निश्चिंत राहा." इंदूने एकदा फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "साहेब, आमच्या जिल्ह्याची कचेरी कुठल्या रस्त्याला आहे?" त्यांना सांगता येईना. फोन ठेवून मला म्हणाली, "गोड मराठी ऐकायला माझ्याकडे रेडिओ आहे." दुसऱ्या दिवशी पोळीभाजीचा डबा घेऊन त्यांच्या ऑफिसात जाऊन बसली. संध्याकाळी फाइल घेऊनच परतली.

मग ती रोज बसने जिल्ह्याच्या कचेरीत जायला लागली. तिथे पत्र्याच्या शेडखाली वकिलांच्या टेबलांची रांग. माझ्यासारखा माणूस पहिल्या काळ्या कोटाला चिकटला असता. ती एकाही वकिलाशी बोलली नाही. लोकर आणि सुया घेऊन बाकावर स्वेटर विणत बसायची. कुणी बाई वकिलाकडून उठली की तिला जागा करून द्यायची आणि विचारायची, "क्या समझाया वकील साहब ने?"

घरी येऊन मला सांगायची. "सगळ्या म्हणतात, बोले हो जाएगा. अहो, काय हो जाएगा? कुणालाच माहीत नाही."

मी चिडायचो. लिलाव जवळ आला होता. "तू स्वेटर पुरा करणार की वकील करणार?"

"दोन्ही," म्हणायची.

आठव्या दिवशी ती हसत आली. एक म्हातारी भेटली होती, अंगठा लावणारी. तिने स्वतःची अख्खी केस सांगितली. कागद कुठे अडलाय, पुढच्या तारखेला काय मागायचंय, नाही मिळालं तर काय होईल. तिच्या सुनेनेही तेच सांगितलं. त्यांचा वकील चौधरी. शेवटचं टेबल, एक टायपिस्ट, पंखासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेली. चौधरींनी कागद वाचले आणि सरळ म्हणाले, "माताजी, जीत का वादा मैं नहीं करता."

इंदू म्हणाली, "वादा नको जी. हारने लगो तो पहले मेरे को बताना. इनको नहीं, ये पलंग पे लेट जाते हैं."

चौधरी हसले. मी नाही हसलो. मग तिने फी कशाकशाची आणि केव्हा द्यायची ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. लिहून झाल्यावर म्हणाली, "अब मेरे को समझाओ. मैं वापस बोलूँगी, गलती हो तो टोकना." एवढ्या बायामाणसांसमोर तिने आमची केस शाळेतल्या मुलीसारखी म्हणून दाखवली. दोनदा चुकली. चौधरींनी टोकलं. तिसऱ्यांदा बरोबर म्हटली.

म्हणताना तीच अडली होती एका जागी. बँकेची पहिली नोटीस कुठे आली? आमच्याकडे तर आलीच नव्हती. चौधरींनी शोधून काढलं, ती आमच्या जुन्या क्वार्टरवर गेली होती, बँकेला नवा पत्ता दिलेला असताना. त्यावर अर्ज टाकला आणि लिलाव थांबला. पुढे बँक तडजोडीला तयार झाली. मी शाळेची व्हॅन चालवली, तिने डबे केले, पाच वर्षं. पण घर आमचं राहिलं. त्या घरातून मी तिला पोचवलं, भाड्याच्या खोलीतून नाही. हे मी मान वर करून सांगतो.

तेव्हापासून कुणाच्या दारावर कागद लागला की ती बाई आमच्याकडे यायची. इंदू तिच्याबरोबर जायची. सेक्टरच्या बाजारात ब्लाउज शिवणारी सरोज ही शेवटची. तिची तारीख होती काल. म्हणजे इंदू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

काल सकाळी मी आंघोळ करून कपडे केले. नितीन म्हणाला, "बाबा, कुठे? सुतक आहे. लोक भेटायला येणार आहेत, काय म्हणतील?"

म्हटलं, "त्यांना बसव. अस्थी उद्या आहेत. सरोजची तारीख आज आहे."

सरोज तिच्या घराच्या दारात फाइल घेऊन उभी होती. मला बघून रडायलाच लागली. "अंकलजी, आप रहने दीजिए. मैं अकेली चली जाऊँगी."

"रोना ऑटो में," मी म्हटलं. "देर हो रही है."

चौधरींचे केस आता पांढरे झालेत. माझ्यामागे त्यांनी बघितलं, सरोजला बघितलं, पुन्हा मागे बघितलं. "माताजी?"

"कल गईं," मी म्हटलं.

ते उठून उभे राहिले. टायपिस्टही उठला. मी त्यांना हाताने बसायला सांगितलं, सरोजची फाइल टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "पहले इसको समझाइए. धीरे-धीरे. मैं भी सुन रहा हूँ."