संगणक खोलीतले धवले

कामतघरच्या आमच्या मराठी शाळेत संगणक खोलीची किल्ली माझ्याकडे आली, ती मी गणित शिकवायचो म्हणून. गणिताच्या माणसाला यंत्रातलं कळतं असा सगळ्यांचा समज होता आणि मीही तो खोडून काढला नाही. खोलीत दहा संगणक होते. शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटाने टेबलं सतत बारीक थरथरायची. शुक्रवारी लूम बंद असले की मुलं आपोआप हळू बोलायची. संगणकांवरचं सॉफ्टवेअर मात्र सगळं सरळ चोरीचं. दुकानदार मशीन देतानाच एका सीडीवरून सगळं घालून द्यायचा, आणि गावात कोणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला संस्थेकडून पत्र आलं. एक तर परवान्याचं सॉफ्टवेअर विकत घ्या, नाहीतर आहे ते काढून टाका. मी तर अशा पत्राची वाटच बघत होतो. लिनक्स नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरबद्दल वाचून वाचून माझं डोकं फिरलं होतं. फुकट मिळतं हा त्यातला लहान भाग. ते उघडून बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं, याचंच मला वेड लागलं होतं. शाळेत आणखी काय शिकवायचं असतं, असं मी ज्याला त्याला ऐकवायचो.

शाळा समितीच्या बैठकीत आमचे अध्यक्ष, स्वतः लूमवाले, लगेच माझ्या बाजूला आले. गिरणीतून भंगारात निघालेले लूम घेऊन त्यांनी कारखाना उभा केला होता. जे खोलता येत नाही ते मशीन कसलं, असं त्यांचं म्हणणं. विरोध केला तो एकट्या मराठीच्या बाईंनी. आपल्या मुली उद्या गोडाऊनच्या ऑफिसात कामाला जाणार, तिथे जे असेल तेच त्यांना आलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना मोठं भाषण दिलं. एक आलं की दुसरं येतंच, वगैरे. पुढे दोघी-तिघींनी येऊन सांगितलं की कामावरचे पहिले काही दिवस फार जड गेले. बाईंचा मुद्दा खरा होता, पण तेव्हा मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकट्याने दहाही संगणक पुसून त्यांवर लिनक्स चढवलं. सगळ्यांच्या फाइली आधी सीडीवर घेतल्या. एवढी काळजी घेतल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

शाळा उघडली त्या दिवशी बाई मधल्या सुट्टीत खोलीत आल्या. त्यांची एक फाइल हवी होती. मी ती रुबाबात उघडून दिली. पडद्यावर मराठीचं एकही अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, प्रश्नचिन्हं, सगळी नुसती खिचडी. जुन्या मराठी पॅकेजमध्ये टाइप केलेला मजकूर त्या पॅकेजच्या फॉन्टशिवाय वाचता यायचा नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. फाइली मी जपल्या होत्या आणि त्या वाचायची सोय माझ्याच हाताने पुसून टाकली होती.

होईल काहीतरी, असं मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "सर, पुसण्याआधी मला एकदा विचारलं का नाही?"

त्या फाइलीत काय होतं ते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. बाई टेमघरच्या, आगरी घरातल्या. त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नात विधी चालतात ते धवलारणीच्या गाण्यांवर, आणि त्या गाण्यांना धवले म्हणतात. मंडपाचा खांब रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं वेगळं गाणं. ती कुठे लिहिलेली नसतात. शिकणारीने बाजूला बसायचं आणि मागून म्हणायचं, एवढीच शिकवणी. बाई मात्र लहानपणी आईच्या बाजूला कधी बसल्या नाहीत. शिकलेल्या मुलीला आईच्या त्या बोलीची लाज वाटायची, हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं. आई थकली तेव्हा त्यांना जाग आली. रविवारी आईकडून ऐकून वहीत घ्यायचं आणि सोमवारी शाळेत टाइप करायचं, असं वर्षभर चाललं. प्रिंट काढला नाही, कारण प्रिंटर शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. टाइप झालं की कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून बाई वहीची पानंही फाडून टाकायच्या. त्या श्रावणात आई गेली. आणि येत्या वैशाखात बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

मला रात्रीची झोप लागेना, इतकी स्वतःची लाज वाटली. ज्या दुकानातून पॅकेज घातलं होतं तिथे गेलो, तर तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. दुसऱ्या दुकानदारांकडचे फॉन्ट घालून बघितले. खिचडी तशीच राहिली, फक्त तांदूळ बदलले.

मार्ग शेवटी माझ्याच कपाटात निघाला. जुन्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका त्याच पॅकेजमध्ये टाइप केलेल्या होत्या, आणि त्यांचे छापलेले कागद माझ्याकडे होते. फाइलीतलं कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, हे छापील कागदाशी ताडून मी मोठा तक्ता बनवायला घेतला. वीज कधीही जायची. गेली की मी आणि बाई खिडकीपाशी बसून कागदावर जुळवाजुळव करायचो. वीज आली की ती जुळणी मशीनवर चढवायची. माघ सरेपर्यंत हे चाललं. हळूहळू पडद्यावर ओळी वाचता येऊ लागल्या. आता ती अशी मराठी होती, की कोणत्याही मशीनवर तशीच दिसेल. बाई एकेक गाणं तपासायच्या, वेलांट्या जागेवर आणायच्या, मधेच डोळे पुसायच्या.

शेवटचं गाणं हळद उतरवण्याचं होतं. ते अर्ध्यावरच थांबलं होतं. सीडी दहादा बघितली, पुढे काही नव्हतं. बाईंना मी कसंबसं सांगितलं, की उरलेलं माझ्या हातून गेलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून नाही. पुढच्या रविवारी मी गेलेच नाही. पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्या रविवारी आई बोलत नव्हती."

मी ते गाणं तसंच अर्ध्यावर ठेवून सगळे कागद छापून दिले.

टेमघरला हळदीच्या दिवशी मी गेलो होतो. बाईंच्या हातात छापलेले कागद होते. जन्मात कधी न गायलेल्या बाई चारचौघांत गायला बसल्या. आवाज कापत होता, सूर जागेवर नव्हता, पण बायका मागून म्हणत होत्या. हळद उतरवायचं गाणं आलं. अर्ध्यावर कागद संपला आणि बाई थांबल्या. मुलगी हळदीने माखलेली, आईकडे बघत होती.

मागून एक म्हातारी म्हणाली, "थांबलीस कशाला गो? पुढं हाय ना अजून. ये, बाजूला बस. आमी म्हनतो, तू मागून म्हन."

बाईंनी कागद खाली ठेवले, उठल्या आणि त्या म्हातारीच्या बाजूला जाऊन बसल्या. तीन-चार म्हाताऱ्या मिळून एकेक ओळ आठवत गेल्या आणि बाई मागून म्हणत गेल्या. मी मंडपाच्या कडेला उभा राहून खिशातल्या लग्नपत्रिकेवर भराभर ओळी उतरवून घेतल्या.

सोमवारी मी ती पत्रिका त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, की गाणं पूर्ण करून फाइलीत घालू का. या वेळी आधी विचारलं. बाईंनी पत्रिका हातात घेतली, वाचली आणि पर्समध्ये ठेवली.

"फाइल थांबेल, सर," त्या म्हणाल्या. "आधी ते गाणं मला येऊ दे."