नेटवर्कला फोडलेला नारळ

मला कुणी काही समजावून सांग म्हटलं की मी सुटते. समोरच्याला कळलं की नाही हे बघायचं सोडून आपली उदाहरणावर उदाहरणं देत बसते. आई म्हणते, हिला रस्ता विचारावा तर ही डांबर कसं करतात ते सांगेल. या सवयीपायी माझी नोकरी एकदा जायची वेळ आली होती, आणि वाचली तीही या सवयीमुळेच.

धरणगावच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवायला लागले तेव्हा तासावर होते, जेवढे तास तेवढेच पैसे. जळगावात पिंप्राळ्याहून रिक्षा, मग एसटी, मग चालत शाळा. लॅब म्हणजे एक लांबट खोली, बारा कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो फिरण्यापेक्षा बोलायचाच जास्त. संस्थेनं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं: दसरा झाला की समिती येईल, लॅब चालते का आणि मुलांना काय येतं ते बघेल. पटलं तर विषय चालू आणि बाई पूर्णवेळ. नाही पटलं तर विषय बंद, कॉम्प्युटर ऑफिसात आणि बाई घरी.

लॅबची किल्ली नानांकडे असे. नाना शाळेचे शिपाई, निवृत्तीला दोन-एक वर्षं उरलेली. रोज लॅब झाडून काढायची आणि मी तास घेताना दारात उभं राहून ऐकायचं, हा त्यांचा नेम. एकदा मुलं गेल्यावर त्यांनी विचारलं की ताई, एवढ्या वायरी जातात तरी कुठं.

झालं. मी सुटले. म्हटलं, नाना, तुमचा मोबाइल आणि कानात घालायचं ते बिनवायरचं यंत्र एकमेकांशी बोलतात ना, ते सगळ्यात लहान नेटवर्क. एका माणसाच्या अंगाभोवतीचं, त्याला पॅन म्हणतात. ही आपली खोली म्हणजे लॅन, एका छपराखालचं. जळगावात पिंप्राळ्यापासून स्टेशनापर्यंत खांबाखांबावरून वायरींचं जंजाळ लोंबत गेलंय, तसं शहरभर पसरलेलं असेल तर ते मॅन. आणि तुमची लेक सुरतेहून व्हिडिओवर तुमच्याशी भांडते, ते वॅन. गावं, राज्यं, देश सगळं ओलांडून जाणारं.

लेक भांडते हे मला कसं कळलं, असं नानांनी विचारलं. म्हटलं, अख्ख्या शाळेला ऐकू येतं.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो तीन महिन्यांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला सुचला नव्हता: या बारांमधला एक बिघडला तर बाकीचे का थांबत नाहीत? मला इतका आनंद झाला की मी खडूच उचलला. एका लांब वायरीवर सगळे ओळीनं टांगले तर ती बसची रचना, ती वायर तुटली की सगळ्यांचीच बोंब. गोल करून एकमेकांना जोडले तर रिंग. आपल्याकडे स्टार आहे. प्रत्येकाची वायर वेगळी आणि सगळ्या येऊन मिळतात त्या मधल्या काळ्या डब्यात. त्याला स्विच म्हणायचं. एखादी वायर गेली तर तो एकटा गप्प. डबा गेला तर बाराच्या बारा मुके.

इथं थांबायला हवं होतं. पण नाना नुसतेच मान हलवत होते, म्हणून मी आणखी एक उदाहरण ठेवून दिलं. म्हटलं, नाना, याला लॅबचं देवघरच समजा.

खंडेनवमीला आपल्याकडे ज्याच्या हातात जे हत्यार असेल त्याची पूजा होते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, जिनिंगमधलं मशीन, शाळेतली घंटासुद्धा. मी दसऱ्याला माहेरी धुळ्याला गेले होते. जाताना नानांना म्हटलं होतं, लॅबचीही पूजा करा बरं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून मी थेट शाळेत आले. समिती अकराला येणार होती.

दार उघडलं आणि खरं सांगते, मला भरून आलं. बाराही कॉम्प्युटरना कुंकवाचं एकेक बोट, झेंडूचं एकेक फूल. आणि मधल्या डब्याला हळद, कुंकू, अक्षता, आपट्याची पानं आणि हा एवढा हार. कुणी इतक्या मायेनं माझी लॅब सजवली म्हणून मी हसतच बटण दाबलं. डब्याचे हिरवे दिवे एकदा लुकलुकले, आतून चर्र झालं आणि संपलं. खोलीभर जळक्या खोबऱ्याचा वास सुटला.

नाना मागेच उभे होते. अभिमानानं सांगू लागले की बाकीच्यांवर नुसतं पाणी शिंपडलं, पण देवघरावर अख्ख्या नारळाचं पाणी घातलं. वरच्या फटींतून सगळं आत गेलं, एक थेंब वाया गेला नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी नानांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वयाचा मान ठेवला नाही, सणाचा ठेवला नाही. नाना नुसते धोतराच्या सोग्यानं तो डबा पुसत राहिले. ते बघून मला स्वतःचीच लाज वाटली, पण माफी मागायला वेळ नव्हता. गावातल्या दोन्ही मोबाइलवाल्यांना उठवलं, स्विच कुणाकडेच नव्हता. जळगावला जाऊन यायचं तर समिती आधी पोचली असती.

शेवटी एक गोष्ट आठवली. दोन कॉम्प्युटर एका वायरीनं थेट जोडले तरी त्यांचं नेटवर्क होतं. दोघांचं, पण होतं. मी आणि नाना गुडघ्यांवर बसून टेबलांखाली शिरलो. तासाभरात बारा जणांच्या सहा जोड्या लावल्या. मुहूर्त बरा होता म्हणायचा.

समितीत तिघं होते. आठवीच्या एका मुलीनं शेजारणीला फाइल पाठवली, त्यात लिहिलं होतं, डब्यात काय आणलंस. उत्तर आलं, शेव. समिती हसली, माझा जीव अर्धा भांड्यात पडला. तेवढ्यात त्यातले वयस्कर गृहस्थ, जे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले होते, म्हणाले की आता ती फाइल त्या पलीकडच्या कोपऱ्यात पाठवून दाखवा.

जाणार कशी? मधला डबाच मेलेला होता. मी कबूल केलं की स्विच बंद पडला आहे. त्यांनी विचारलं, कशानं? मी तोंड उघडलं. नारळ म्हणावं तर नानांची नोकरी जाते, न म्हणावं तर माझी.

दारातून चहाचा ट्रे घेतलेले नाना पुढे आले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "साहेब, हाऊ डबा मेन शे. एक वायर तुटनी ते एकलाच बंद. हाऊ बंद ते बठ्ठं बंद. म्हणीसन त्याले नारळ फोडा मी. ताईनी चूक नही."

त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला आणि नानांना विचारलं की हे तुम्हाला कुणी सांगितलं. नानांनी हातातल्या ट्रेनंच माझ्याकडे बोट केल्यासारखं केलं, दोन कप हिंदकळले.

ते गृहस्थ मला म्हणाले, "बाई, शिपायाला स्टार टोपॉलॉजी समजलीय. आता मुलांना काय विचारू मी?"

महिनाभरात नवा स्विच आला आणि माझी पूर्णवेळ नेमणुकीची ऑर्डरही. नानांची माफी मी समिती आली त्याच दिवशी मागितली, तेव्हा ते एवढंच म्हणाले की देवघर म्हणायला नको होतं ताई, डबाच म्हणायचं.

नाना आता निवृत्त आहेत, पण खंडेनवमीला न चुकता नारळ घेऊन येतात. नवा स्विच त्या दिवशी वर कपाटात असतो, त्याला लांबून हात जोडायचे. खाली टेबलावर मांडतो तो जुना, जळालेला. त्याला हळद-कुंकू, हार, अक्षता सगळं होतं. मग नाना नारळ फोडतात, माझ्याकडे एकदा बघतात, आणि मी मान डोलावली की सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओततात.