उलटा शनिवार

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणींना नाही, आणि जिच्याबाबत घडलं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला फार तर अकोल्याच्या मुलींच्या शाळेतली कडक बाई म्हणून ओळखत असाल. तेवढी ओळख पुरे. रडगाणं मला जमत नाही. सरळ सांगते—म्हणजे, सरळ सांगायचा प्रयत्न करते. अठरा वर्षांत एकदाही जमलेलं नाही.

आधी आनंदाचं सांगू द्या. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी मळ्यातली मुलगी. मोर्णेच्या काठी आमची बागाईत—वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, कडेनं झेंडू. शाळा सुटली की मी आईबरोबर बाजारात बसायची आणि भाव करायची. भाव करणारा आपला शेवटचा आकडा आधी सांगत नाही, हे मला बाराखडीच्या आधी येत होतं. मॅट्रिक झाले, अमरावतीला आत्याकडे राहायची सोय झाली, आणि बी. ए.ला मी राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे दोन विषय एकदम घेतले. का? दोन्ही एकच प्रोफेसर शिकवत आणि ते झोपू देत नाहीत असं ऐकलं होतं, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

पण पहिल्याच महिन्यात माझं डोकं पेटलं. सकाळच्या तासाला कळायचं, कायदा कोण करतो, सारा कोण बसवतो, शिपायाला हुकूम कोण देतो. दुपारच्या तासाला प्रश्न यायचा—बरं, पण ऐकायचं का? एका विषयाचा प्रश्न घेऊन दुसऱ्यात जायचं आणि तिथून नवा घेऊन परत यायचं. तुम्ही कधी विहिरीवर मोट धरली आहे का? भरलेली मोट वर येताना दोरातून जो जोर हाताला कळतो ना, तसं मला रोज व्हायचं. प्रोफेसर आमच्या वऱ्हाडचंच उदाहरण घेत. मालकी निजामाची, राज्य इंग्रजाचं, कारभार नागपुरातून—आणि वऱ्हाड्याला कोणी विचारलं होतं? एवढं बोलून ते हळूच दाराकडे पाहत. आम्ही बाकांवर सरसावून बसत असू.

वर्गात मुली दोनच. मी आणि सुभद्रा. ती धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातली, काळ्या जमिनीच्या मोठ्या शेतकरी घरची. अमरावतीत मामाकडे राहायची. मामानं कॉलेजात जायला तिला टांगा लावून दिला होता, पण आम्ही त्यात क्वचितच बसलो. वाद रंगला की उतरून चालायला लागायचो आणि रिकामा टांगा मागून यायचा. टांगेवाल्यानं एकदा वैतागून विचारलं, "बाई, तुमी शिकून राहिल्या का भांडून राहिल्या?" सुभद्रा म्हणाली, "दोन्ही एकच हाय, दादा."

तिची माझी जात निराळी. जातीपातीचं नव्हे, डोक्याचं म्हणते. मला उत्तर तिथल्या तिथे लागायचं. ती प्रश्न घरी न्यायची, आणि चार दिवसांनी शांतपणे येऊन सांगायची की तिनं ते तसं करून पाहिलं. पापपुण्यावर तास झाला की ती मोलकरणीशी निराळं वागायला लागायची. मी हसायची. मला वाटायचं, हे सगळं बोलण्यासाठी असतं. ती समजत होती, वागण्यासाठी.

आता शनिवारचं. प्रोफेसर दर शनिवारी दुपारी वर्गात वादसभा घेत, आणि तिची एक रीत होती. या शनिवारी ज्यानं विषयाची एक बाजू मांडली, त्यानं पुढच्या शनिवारी त्याच विषयाची दुसरी बाजू मांडायची. आम्ही त्याला उलटा शनिवार म्हणायचो. मला तर तो सणासारखा वाटायचा. आपणच बांधलेली भिंत आपणच पाडायची—यासारखी मजा नाही.

त्या वेळी विषय होता: ज्यानं विरोध केला नाही, त्यानं संमती दिली असं समजावं. पहिल्या शनिवारी मी 'समजावं' म्हणून बोलले, सुभद्रा विरुद्ध. मी तिला चीत केलं. गप्प राहून व्यवस्थेचं खाणारा माणूस व्यवस्थेचा भागीदारच असतो, असं काहीतरी मी म्हटलं आणि बाकं वाजली. सुभद्राही वाजवत होती.

आता पुढच्या शनिवारी मला हेच खोडायचं होतं. आणि बुधवारी, आत्याकडे फुलं ओवता ओवता, मला सापडलं. जिथे 'नाही' म्हणायची मोकळीक नाही, तिथे गप्प बसण्याला 'हो' म्हणता येत नाही! एवढंच. पण याला तोड नव्हती. मी सुई टाकून उठले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आत्याला वाटलं विंचू दिसला.

गुरुवारी सुभद्रा वाचनालयाच्या पायऱ्यांवर माझी वाट पाहत होती. वडिलांचा निरोप आला होता. शुक्रवारी सुपारी फोडायला पाहुणे येणार, तिनं यावं. मुलगा तिला नको होता. पण पाहुण्यांनी एक कबूल केलं होतं—लग्न तिच्या बी. ए.नंतर. म्हणजे मान खाली घालून एक दुपार बसली, तर पुरतं वर्ष हातात. परीक्षा होईल, पदवी मिळेल, मग पुढचं पुढे. वडील शब्दाला जागणारे. पण एकदा चारचौघांत अपमान झाला, तर पोरीला अमरावती पुन्हा दिसायची नाही, हेही तिला ठाऊक होतं.

हे सगळं तिनं नीट मांडलं. मग विचारलं, "मी उद्या गप्प बसली, तर माहा होकार हाय असं होईल का वं? मनात नाही अन् गप्प बसली, तर ते खोटं होईल का?"

बघा—माझ्याजवळ उत्तर होतं. कालच सापडलेलं, तिच्याच मापाचं. नाही सुभद्रे, तुला 'नाही' म्हणायची मोकळीक नाही, म्हणून तुझं गप्प बसणं होकार नाही, खोटंही नाही, खुशाल बस आणि शनिवारी परत ये—एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

पण शनिवारी माझ्या विरुद्ध बोलणार कोण होतं? तीच. मुद्दा आज कळला, तर गाडीत बसून ती त्यावर विचार करणार. आणि तिच्या त्या सावकाश डोक्यानं त्यातलं भोक शोधून काढणार.

मी म्हणाले, "होईल नं. गप्प बसली त होकारच झाला."

तिनं मान हलवली. वाद घातला नाही. माझं तिला पटलं होतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं ती परतणार होती. दुपारी मी तिला बोलवायला मामांकडे गेले. मामी दारातच होत्या. म्हणाल्या, सुभद्रा काही येत नाही आता. पाहुण्यांसमोर तोंड उघडलं तिनं—मले कोनी विचारलं नाही, माहा होकार नाही, असं म्हणाली. पाहुणे पानं तशीच टाकून उठले. बाप ओरडला नाही की हात उचलला नाही. सकाळी गडी पाठवून तिची पेटी तेवढी मागवून घेतली.

मग मामींनी माझ्याकडे पाहिलं. "तुले मालूम होतं का वं, पोरी?"

"नाही, मामी."

तिथून कॉलेज तसं दूर. वाटेत मी काय विचार केला, सांगू? भाषणाची सुरुवात जुळवत होते.

प्रोफेसर म्हणाले, सुभद्राबाई आल्या नाहीत, प्रतिपक्ष नाही, तेव्हा आज राहू दे. मला सुटायला त्यांनी दार उघडून ठेवलं होतं. मी म्हणाले, "नको सर, माझी तयारी आहे."

आणि मी बोलले. काय बोलले! शब्द पायाशी येऊन पडत होते. मुद्दा शेवटपर्यंत राखून ठेवला, आणि तो काढण्याआधी एक दृष्टान्त दिला—समजा, एक मुलगी सुपारीच्या बैठकीत मान खाली घालून बसली आहे. बाप समोर, पाहुणे समोर. ती गप्प आहे. सांगा, हा होकार आहे? वर्ग इतका शांत झाला की खालच्या रस्त्यावरच्या कापसाच्या बैलबंड्यांच्या घुंगरांचा आवाज वर आला. मग बाकं वाजली. किती वेळ वाजली! प्रोफेसर उभे राहिले. मला लाज वाटली का? नाही. त्या क्षणी अंगावर काटा उभा होता, आनंदाचा. त्याच्या तोडीचा आनंद मला पुढे पदवीनं दिला नाही, नोकरीनं नाही, संसारानंही नाही.

मी बी. ए. झाले. सुभद्रा झाली नाही. दोन वर्षं ती बापाच्या घरी बसली, मग अचलपूरला दिली. मी भेटायला गेले नाही. कामं होती, असं म्हणत असे. खरंच होती.

गेल्या दिवाळीनंतर ती माझ्या शाळेत आली. अंगानं भरलेली, डोक्यावर पदर, बोलणं तसंच सावकाश. थोरल्या मुलीला माझ्या शाळेत घालायचं होतं. मी दोघींना घरी नेलं, चहा केला. मुलीसमोर ती म्हणाली, "हे मावशी पाहून ठेव. मले सारे म्हनत होते, गप्प बस. हिनं एकटीनं खरं सांगतलं."

मी कप विसळत होते. मागे वळले नाही.

तिला एक विचारायचं होतं म्हणे, इतकी वर्षं. "त्या शनिवारी माह्या जागी कोन बोललं?"

आता तरी सांगता आलं असतं. मुलगी अंगणात गेली होती, घरात आम्ही दोघीच. मी हात पुसले आणि म्हणाले, "कोनीच नाही. सभा झालीच नाही."

"काहून?"

"तू नव्हती म्हणून."

तिचा चेहरा इतका उजळला की मला तिच्याकडे पाहवेना. मग म्हणाली, आपल्यासाठी वर्गानं सभा बंद ठेवली, हे कोणी कळवलं असतं तर ती दोन वर्षं बरी गेली असती.

संध्याकाळच्या मोटारीनं ती गेली. मुलगी माझ्याकडेच राहते. हुशार आहे, सावकाश आहे.

सभा झाली होती. मी अर्धा तास बोलले.