आईच्या शिवणीचा तंबू

मी साधी पळीसुद्धा तीन दुकानं फिरल्याशिवाय घेत नाही, त्यामुळे तंबू निवडायला मला दीड महिना लागला. डिसेंबरात ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गडावर मुक्कामाला जायचं ठरलं होतं आणि तंबूचं खातं माझ्याकडे आलं होतं. बजेटात बसणारा, दोन माणसांचा, एका हाताने उचलता येईल असा हवा होता. वहीचं पान उभं दुमडून मी डावीकडे फायदे लिहिले, उजवीकडे तोटे. फायदे असे, की वजनाला हलका, उभारायला सोपा, आणि नारिंगी रंग धुक्यातही दिसेल असा. तोटे म्हणजे खुंट्या छत्रीच्या काडीएवढ्या बारीक, शिवणींतून पाणी झिरपायची शक्यता, आणि छताजवळ दोन्ही बाजूंना जाळीची उघडी तोंडं, म्हणजे पावसाला आयतं आमंत्रण. या तिसऱ्या तोट्याखाली मी दोन रेघा मारल्या. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते.

तंबू घरी आला तेव्हा आई सोफ्यावर लसूण सोलत बसली होती. चिखलोलीच्या या फ्लॅटमध्ये येऊन आम्हा दोघींना चार वर्षं झाली. त्याआधी आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायचो. तिथे आईने घरी बसून जीन्स शिवल्या. एका सिंधी शेठचा माल यायचा, कापलेल्या कापडाचे गठ्ठे दारात पडायचे आणि आई खिसे, पट्टे, मांडीच्या जाड शिवणी मारून द्यायची. माझं कॉलेज त्या मशीनवर झालं, हे मी कुणालाही, न विचारता, सांगते.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि एक अख्खा लॉट वाकड्या शिलाईपायी परत आला. शेठ माणूस चांगला, ओरडला नाही. “अम्मा, बहुत कर लिया, अब आराम करो,” एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं, आई त्याच्याशी भांडली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागली असती. ऑपरेशननंतर तिला लख्ख दिसायला लागलं, पण मशीनवरचं कव्हर तिने काढलं नाही. “डोळे सुधारले गं, पण हात गेले माझे,” म्हणायची. मशीनवर मोबाइल चार्जिंगला ठेवायची जागा झाली. ते बघून माझा जीव तुटायचा आणि मी ते बोलूनही दाखवायचे, पण तिचं आपलं एकच, आराम करायला सांगितलंय मला.

मी हॉलमध्ये तंबू उभारला तर तो टीव्हीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पसरला. आईने लसणाचे हात पुसले आणि विचारलं, “दोन माणसांचा म्हणजे कुठल्या दोन माणसांचा?”

“कुठल्याही दोन.”

“असं कुठे असतं?” तिने टेप आणली. तंबू मोजला नाही, आधी मला मोजलं, मग स्वतःला. माझे खांदे साडेसोळा, तिचे पंधरा. मग तंबूची रुंदी बघितली, अठ्ठेचाळीस इंच. “दोघींना बसतो. मधे एक पिशवीही राहील. दोन पुरुष घेतलेस तर एक बाहेर.” दीड महिना मी वाचलेल्या सगळ्या माहितीत इतकं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं.

मग ती आत शिरली आणि तंबूची उलटी बाजू बघायला लागली. कपडा उलटा केल्याशिवाय ती त्याच्याबद्दल मत देत नाही. एकेक शिवण बोटाने चाचपत तिची बडबड सुरू झाली. “हे बघ, नुसतं दोन कापडं जोडून टाका मारलाय. टाकाही केवढा लांब! जीन्सला अशी शिलाई मारली असती तर माणूस रस्त्यात बसता बसता फाटली असती.”

“मग शिव ना तू,” मी म्हटलं. खरं तर मी वैतागून म्हटलं होतं. पण तिने टेप गुंडाळून ठेवली आणि ती पुन्हा लसणाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर घरात मशीनचा आवाज! मोबाइल स्टूलवर होता आणि नारिंगी कापडाच्या ढिगाऱ्यात आई बुडाली होती. छताच्या सगळ्या शिवणी तिने उसवल्या होत्या आणि जीन्ससारखी कापडाची कड कडेत दुमडून दुहेरी शिलाई मारत होती. सुई मात्र जीन्सची नव्हती, सगळ्यात बारीक लावली होती. “सुई भोक पाडते, दोऱ्याने ते भरायचं असतं. जाड सुईचं भोक भरेल का?” असं तिने मान वर न करता मला सुनावलं. नंतर शिवणींवर आतून मेणबत्ती घासली, वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली. जाळीची दोन तोंडंही तिने जुन्या छत्रीचं काळं कापड लावून पक्की बुजवली. मी वहीतला तिसरा तोटा मोठ्या समाधानाने खोडला.

तंबूच्या परीक्षेसाठी बदलापूर गावाच्या पलीकडे मामाचं शेत ठरलं. गणपती होऊन गेले होते, पाऊस अजून पडत होता. माझ्यासोबत झोपायला आई आली, कारण ज्यांच्या मापाने तंबू पास केला ती दोन माणसं आम्हीच होतो. मामाला मात्र ते काही पटेना. “ताय, घर हाय ना आपलं? मंग त्या पिशवीत कशाला निजताय?” असं विचारून, डोकं हलवत, त्याने आमच्या बारीक खुंट्या उपटून बाजूला टाकल्या आणि त्यांच्या जागी बांबूच्या ठोकल्या.

रात्री पाऊस किती झाला ते मला माहीत नाही, मी ढाराढूर झोपले होते. पहाटे नाकावर थेंब पडला तेव्हा जाग आली. आई उठून बसली होती. अंगावरची चादर ओलसर, केस ओलसर, छताला थेंब लटकलेले. ती छताकडे बघत होती.

“गळला,” ती म्हणाली. “सांगत होते ना तुला, हात गेले माझे.”

लॉट परत आला त्या दिवशीचा तिचा चेहरा मी विसरले नव्हते. तोच चेहरा पुन्हा समोर होता आणि मला इतका राग आला की तंबू, गड, मैत्रीण, सगळं नको झालं. मी तिला हे करायला लावलं होतं. रागारागाने मी हात वर केला आणि डोक्यावरच्या शिवणीवरून बोट फिरवलं. बोट कोरडं. दुसरी शिवण, तीही कोरडी. थेंब होते ते नुसत्या कापडावर, जिथे एकही टाका नव्हता तिथे.

“आई, चष्मा लाव आणि बघ.”

तिने चष्मा लावला, गुडघ्यांवर उभी राहिली आणि चारही शिवणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपल्या. मग मधल्या कापडावरचा एक थेंब बोटावर घेऊन निरखला. “अगं, ही तर वाफ!” ती म्हणाली. “भाताच्या झाकणाला आतून धरते ना, तशी. आपल्या दोघींच्या श्वासाची. ती जायला भोकं ठेवली होती त्यांनी, आणि मी बसले बुजवून!”

तोट्यांच्या यादीत दोन रेघा मारून मी जे लिहिलं होतं तो तंबूतला सगळ्यात शहाणा फायदा होता. मी कबूल केलं, तिलाही सांगितलं. ती इतकी हसली की छतावरचे उरलेले थेंब आमच्या अंगावर पडले. पर्समधून दोरे कापायची छोटी कातर काढून तिने छत्रीचं काळं कापड उसवायला घेतलं. त्याला बराच वेळ लागला. शिवण तिची होती, सहज थोडीच उसवणार!

मामा चहा घेऊन आला. अंगणातली बादली अर्धी भरली म्हणाला, त्यावरून पावसाचा अंदाज आला. त्याने आमचे ओले अवतार बघून तोंड उघडायच्या आत आईने त्याला आत ओढलं आणि त्याचं बोट धरून शिवणींवरून फिरवलं. “बघ. कोरडी आहे की नाही? बोल.” तो बिचारा कोरडी आहे म्हणाला. माझ्या आईचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो माझ्या पहिल्या पगारालाही वाटला नव्हता.

“शेठला फोन लाव,” ती मला म्हणाली.

“आत्ता? सहा वाजलेत.”

“लाव.”

मी लावला, स्पीकरवर ठेवला. शेठचा झोपेतला आवाज आला, “कौन?”

“मैं अम्मा बोलती, कॅम्प पांच वाली. सेठ, मेरे को आराम नहीं करने का. मैंने तंबू सिया है. रातभर पाऊस का पानी पडा उसके ऊपर.”

“अम्मा...” शेठ पुरता गोंधळला होता. “कौनसा तंबू? कौनसा पानी?”

“वहीच तो बोलती ना मैं,” आई ताठ बसून म्हणाली. “पानी आयाच नहीं.”