शेखसाहेबांचं फसलेलं प्रात्यक्षिक

शेखसाहेब आमच्या गावात कृषी सहायक म्हणून आले, त्या दिवशी चहाच्या हॉटेलात बसून त्यांनी एकच चौकशी केली: गावात सगळ्यात हेकट शेतकरी कोण? हॉटेलातल्या झाडून साऱ्यांनी आमच्या घराकडे बोट दाखवलं. तात्या, म्हणजे माझे वडील, तिथंच बशीतून चहा पीत होते. त्यांनीही दाखवलं.

शिरूर अनंतपाळच्या आसपास प्रात्यक्षिकाचा प्लॉट घ्यायचा तो सरपंचाच्या नाहीतर एखाद्या प्रगतिशील बागायतदाराच्या रानात, असा रिवाज. शेखसाहेबांना तो मान्य नव्हता. "ऐकणाऱ्याला काय दाखवायचं? तो तर ऐकूनच राहिला," ते म्हणायचे. आवाज मऊ, गळ्यात रुमाल, आणि कुणी कितीही उलटं बोललं तरी "हाव, बरोबर हाय" म्हणून मान डोलवायची. तात्यांना भांडायला जागाच मिळेना. शेवटी वैतागून त्यांनी रस्त्याकडेचं एक एकर दिलं, साहेबांची फजिती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून.

अर्ध्या एकरात साहेबांनी यंत्रानं रुंद वरंबे काढून त्यांवर सोयाबीन पेरलं आणि पाणी निघून जायला मधे सऱ्या सोडल्या. उरलेल्या अर्ध्यात तात्यांची नेहमीची सपाट पेरणी. अट एवढीच, की तात्यांनी आपल्या भागात मुद्दाम काही करायचं नाही. शेंगा भरल्या की लातूरहून मोठे साहेब पाहायला येणार होते. फरक दिसला तर यंत्र आमच्या गावाला, नाहीतर दुसऱ्या.

ऑगस्टात झड लागली. वरंब्यावरचं सोयाबीन हिरवंगार राहिलं. तात्यांच्या भागात पाणी तुंबून पिवळं पडलं. लोक मोटरसायकल थांबवून आजाऱ्याची करावी तशी विचारपूस करू लागले. तात्यांना जेवण जाईना. मग ते उजाडायच्या आत फावडं घेऊन बाहेर पडायला लागले. आईनं विचारलं की म्हणायचे, फिरायला चाललो, आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत यायचे.

मोठे साहेब आले तेव्हा दोन्हीकडे शेंगा सारख्याच लगडलेल्या. फरक कुठाय, त्यांनी विचारलं. तात्यांच्या पिकाच्या ओळींमधून सऱ्या गेल्या होत्या, यंत्राच्या सऱ्यांपेक्षाही सरळ. शेखसाहेबांनी त्या पाहिल्या, मग तात्यांकडे पाहिलं.

"पाण्यानं पडल्या," तात्या म्हणाले.

"हाव, बरोबर हाय," शेखसाहेब म्हणाले.

मोठे साहेब फणकाऱ्यानं जीपमध्ये बसले आणि यंत्र दुसऱ्या गावाला गेलं. शेखसाहेबांनी खरं सांगितलं असतं तर निभावलं असतं. मला बापाची लाज वाटली आणि त्या माणसाची फार दया आली.

पुढल्या साली तात्यांनी तसलंच यंत्र भाड्यानं आणलं, वर ही आपलीच पद्धत म्हणून गावभर सांगत सुटले. बघता बघता निम्मं गाव वरंब्यावर पेरू लागलं. शेखसाहेबांची धर्माबादला बदली झाली, तर तिथल्या शेतकरी मेळाव्यात त्यांनी तात्यांनाच भाषणाला बोलावलं. तात्यांनी स्टेजवरून सांगितलं, की ह्या ऑफिसवाल्यांच्या नादी लागू नका, माझं ऐका. सगळ्यात जोरात टाळ्या शेखसाहेबांनी वाजवल्या.

मला राहवलं नाही. त्यांना बाजूला गाठून मी म्हणाले, साहेब, तुमचं नाव कुठंच आलं नाही.

"माझं नाव लागलं असतं तर सरकारी म्हणून सोडून दिलं असतं लोकांनी. आता करून राहिलेत न्हवं?" ते म्हणाले, आणि त्यांनी मागं वळून पाहिलं. "आन् ताई, जरा हळू बोला. तात्यांच्या कानावर गेलं तर पुढल्या साली पुन्हा सपाट पेरतील."