अप्पांच्या घरचा उंदीर

अप्पांना मी प्रथम पाहिले ते नळावरच्या भांडणात. करकंबहून सोलापुरास शाळामास्तर म्हणून येऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. उन्हाळ्याचे दिवस. नळाला तासभर पाणी येई आणि त्यातला निम्मा तास भांडणात जाई. त्या दिवशी दोन बाया एकमेकींच्या घागरी ओढीत होत्या. एक कानडीत बोलत होती, दुसरी तेलगूत. शिव्या मात्र दोघी मराठीत देत होत्या. समोरच्या सुताच्या दुकानाच्या पायरीवर रुमाल बांधलेले एक गृहस्थ शांतपणे ऐकत बसले होते. मला राहवेना. मी म्हणालो, "अहो, तुम्ही वडीलधारे दिसता. काही बोला तरी!"

"दम धरा, मास्तर," ते म्हणाले. "आत्ता बोललो तर भांडणारे दोनाचे तीन होतील की."

मी मास्तर असल्याचे त्यांना कसे कळले, याचा मी विचार करीत होतो तोवर दोघी बाया दमल्या. मग ते उठले आणि ओळीत मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीला त्यांनी एवढेच विचारले, "अव्वा, आदी कोण आलं हुतं?" म्हातारीने बोट दाखवले. ज्या बाईकडे बोट गेले तिची घागर नळाखाली लागली आणि दुसरी पुटपुटत मागे सरकली. मला नवल वाटले. आमच्या गावी पुढारी म्हणजे मोठ्याने बोलणारा, अशी माझी समजूत होती.

ते गृहस्थ म्हणजे आज ज्यांची साठी आपण साजरी करीत आहोत ते श्री. गुरुलिंगअप्पा. 'पुढाऱ्याच्या अंगचे गुण' या अंगाने मी अप्पांवर लिहावे, अशी गौरवग्रंथाच्या मंडळींची आज्ञा आहे. मास्तरला गुणांची यादी करायला सांगणे म्हणजे आयते खाद्य. पण तीनदा यादी केली आणि तीनदा फाडली. अप्पांच्या अंगी गुण आहेत तसे चार अवगुणही आहेत. ते तपकीर ओढतात, हट्टी आहेत, भजनात त्यांचा सूर कधीच लागत नाही, आणि तो लागत नाही हे त्यांना कुणी सांगू धजत नाही.

तरी दोन सवयी सांगतो. पहिली अशी, की अप्पा कुणालाही 'बघू' म्हणत नाहीत. 'व्हय' म्हणतात, नाहीतर 'न्हाय'. शाळेला जागा अपुरी पडू लागली तेव्हा त्यांच्या वखारीचा एक भाग मी मागितला. "न्हाय. यंदा जमणार न्हाय," असे तोंडावर सांगून ते मोकळे झाले. मी महिनाभर त्यांच्या दुकानावरून जाताना मान फिरवीत असे. पुढल्या वर्षी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वखार झाडून, सारवून तयार होती आणि किल्ली माझ्या हातात होती. त्यांच्या नकाराची किंमत मला तेव्हा कळली. कारण त्या वर्षभरात 'बघू' म्हणणाऱ्या पाच थोर गृहस्थांकडे मी चपला झिजवल्या होत्या.

दुसरी सवय, जे लोकांना करायला सांगायचे ते आधी आपण करायचे. प्लेगची लस टोचून घ्यायला पेठ तयार नव्हती. टोचले की माणूस मरतो, हात झडतो, अशा नाना वावड्या उठल्या होत्या. अप्पांनी कुणालाही उपदेश केला नाही. स्वतः टोचून घेतले आणि सुजलेला दंड उघडा टाकून चार दिवस दुकानाच्या पायरीवर बसले. येणारा-जाणारा विचारी, "अप्पा, लई दुखतंय का?" ते म्हणत, "दुखतंय की! पण जिता हाय न्हवं?" पाचव्या दिवसापासून लोक आपण होऊन टोचून घ्यायला जाऊ लागले.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. तो पेठेत सर्वांना ठाऊक आहे, किंवा ठाऊक आहे असे सर्वांना वाटते.

त्या वर्षी उंदीर पडू लागले. नव्या पिढीसाठी सांगतो: घरात मेलेला उंदीर सापडला की प्लेग उंबऱ्यापाशी आला असे समजत आणि घर सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. आमच्या पेठेची व्यवस्था अप्पांकडे होती. त्यांनी नियम केला, की ज्याच्या घरात उंदीर पडेल त्याने लगेच सांगायचे आणि त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत घर मोकळे करायचे. आम्ही काही तरुण स्वयंसेवक होतो. तरीही लोक उंदीर लपवीत. कुणी जाळीत, कुणी पुरीत. लोकांना अक्कल नाही, असे आम्ही स्वयंसेवक आपसांत म्हणत असू.

अशात एके सकाळी अप्पांच्या घरामागे राहणाऱ्या नरसय्या विणकराच्या दारात मेलेला उंदीर सापडला. नरसय्या रडकुंडीला आला. "अप्पा, माज्या घरातला न्हाय वो! आईची शप्पत!" पण उंदीर दारात पडलेला सगळ्यांनी पाहिला होता. नरसय्याच्या मागावर लुगड्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढलेला होता. माग जमिनीतल्या खड्ड्यात रोवलेला. सूर्य मावळायच्या आत घर सोडायचे तर ताणा कापण्यावाचून गत्यंतर नव्हते. कापलेला ताणा म्हणजे निव्वळ चिंध्या, आणि विणकराच्या घरी त्याहून मोठा अपशकुन नाही. अप्पांनी मान खाली घातली आणि "नियम सगळ्यास्नी सारखाच, नरसय्या," एवढेच ते म्हणाले.

दुपारी अप्पा पुन्हा नरसय्याच्या दारी आले. त्याच्या बायकोने ताणा कापायला कात्री हातात घेतली होती. अप्पा मोठ्याने, बोळात जमलेल्या सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "थांब, पोरी. कापू नगंस. उंदीर माज्या घरात पडला हुता. काल पडला. माज्या घरातनं तुमच्याकडं आला. चूक माजी हाय." आणि त्यांनी नरसय्यापुढे हात जोडले.

अप्पांच्या घरी तेव्हा लग्न होते. चार दिवसांवर त्यांच्या लेकीची, गंगूताईंची हळद. मंद्रूपच्या घरचे वऱ्हाड यायचे होते. माळवदावर शेवया वाळत होत्या. त्याच संध्याकाळी अप्पांनी शेवयांसकट बिऱ्हाड माळावर हलवले. व्याही बैलगाडीने आले, झोपड्यांपासून बऱ्याच लांब गाडी उभी करून तिथूनच ओरडले, "अप्पासाब, घाबरू नगा! लगीन फुडच्या सालाला करू की! पोरगी कुटं पळून चाललीया?" आणि बैल वळवून निघून गेले. लग्न खरोखरच पुढल्या साली मंद्रूपला झाले.

उंदीर दारात पडल्यामुळे नरसय्यालाही घर सोडणे भागच होते, पण अप्पांनी त्याला दोन दिवसांची सवलत दिली. तेवढ्या वेळात त्याने ताणा न कापता मागाच्या तुळईवर गुंडाळून घेतला. माळावर त्याच्या मागासाठी खड्डा खणायचा होता, त्याची पहिली कुदळ अप्पांनी मारली. खणता खणता ते मला म्हणाले, "नियम केला मी. मागाचा खड्डा काय मला दिसला न्हाय. लोक उंदीर कशापायी लपवत हुते, ते आत्ता कळलं बगा." दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली: माग असलेल्या घराला दोन दिवस, आणि माळावर प्रत्येकाला खड्डा खणून मिळेल. त्यानंतर आमच्या पेठेत उंदीर लपवल्याचे ऐकू आले नाही. देवाच्या दयेने नरसय्याच्या घरी कुणाला तापही आला नाही.

पण पेठ मोठी चमत्कारिक असते. ती उपकार विसरते, नावे ठेवायला विसरत नाही. 'अप्पांनी लेकीच्या लग्नासाठी घरचा उंदीर गरीब शेजाऱ्याच्या दारात टाकला, आणि पचेना म्हणून कबूल केले' असे लोक बोलू लागले. म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला अप्पा उभे राहिले तेव्हा प्रतिपक्षाने त्यांच्याच दुकानाच्या भिंतीवर रुमाल बांधलेला उंदीर काढला. अप्पा पडले. आजही त्यांना मागून 'उंदीरअप्पा' म्हणणारे आहेत आणि त्यांपैकी काहींनी या ग्रंथाला वर्गणी दिली आहे, हेही मला ठाऊक आहे.

तो उंदीर अप्पांनी टाकला नव्हता. तो मी टाकला होता.

लग्नपत्रिका लिहायला मी आदल्या दिवशी सकाळी अप्पांच्या घरी गेलो होतो. अक्षर बरे म्हणून ते काम माझ्याकडे होते. माजघरात कणगीमागे मला तो दिसला. घरात आणखी कुणाला कळले नव्हते. गंगूताई ओसरीवर मैत्रिणींशी हसत होत्या. माझ्या मनात एवढेच आले, की हे लग्न मोडता कामा नये. ज्या माणसाने मला या गावात उभे केले त्याच्या घरावर हे संकट येता कामा नये. चिमट्याने उचलून मी तो मागच्या बोळात फेकला. कुत्र्याने ओढून नरसय्याच्या दारात नेला असावा. दुसऱ्या दिवशी नरसय्या आईची शपथ घेत होता तेव्हा स्वयंसेवकाचा बिल्ला लावून मी शेजारी उभा होतो. आणि मी तोंड उघडले नाही.

दुपारी मात्र मी ताट सारून उठलो. दुकानात जाऊन मी अप्पांना सगळे सांगितले. ते माझ्यावर ओरडतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, "कणगीमागं?" मी "हो" म्हणालो. रुमाल नीट बांधून ते उठले. "चला. ताणा कापला नसंल अजून."

निवडणुकीच्या वेळी भिंतीवरचे चित्र पाहून मी त्यांच्याकडे धावत गेलो आणि चावडीपुढे उभा राहून खरे सांगतो म्हणालो. अप्पा प्रथमच माझ्यावर रागावले. "गप बसा, मास्तर! तुमी सांगितलं की नरसय्याची पोरं शाळेतनं जातील, मग सगळ्या मागवाल्यांची जातील. शाळा बुडंल. माजं काय बुडायचंय? मी सूत इकतो."

मी गप्प बसलो. अनेक वर्षे बसलो. शाळा खरेच वाढली. नरसय्याचा थोरला मुलगा आता तिथेच मास्तर आहे. पुढाऱ्याचा गुण कोणता, असे मला विचाराल तर तो हाच: दुसऱ्याची चूक स्वतःच्या नावावर घ्यायची, तिच्यातून आपली चूक शोधून काढायची, आणि मग दोन्ही विसरून कामाला लागायचे. मला यातले एकही साधलेले नाही. म्हणून निदान खरे तरी लिहावे, असे ठरवले. गंगूताई, तुमचे लग्न वर्षभर पुढे गेले ते माझ्यामुळे नव्हे, उंदरामुळे. पण त्यामागून तुमच्या वडिलांना जी नावे ठेवली गेली ती माझ्यामुळे. मला क्षमा करा.

हा लेख संपादकांकडे देण्याआधी मी नरसय्याकडे गेलो. त्याला न सांगता छापणे बरे दिसले नसते. तो विणीत होता. मी सगळे सांगितले. त्याने धोटा थांबवला. मला वाटले, आता उठून हाकलून देईल. मग त्याने विचारले, "हे लिवताय म्हनून अप्पास्नी सांगितलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग सांगू नगा. ते छापू द्यायचे न्हाईत," असे म्हणून त्याने पुन्हा धोटा फेकला.

तेव्हा अप्पा, हा लेख तुम्ही इतरांबरोबरच वाचणार आहात आणि संतापणार आहात. दुकानाच्या पायरीवर मला बोलावून घ्याल, तपकिरीची चिमूट नाकात कोंबाल आणि मला बोल लावाल. मी मुकाट्याने ऐकून घेईन. परमेश्वराने आपणांस निरोगी शंभर वर्षे द्यावीत, आणि त्यांतला एकही दिवस माझ्यावर रागावल्याशिवाय जाऊ नये. पण यापुढे पेठेतल्या कुणी तुम्हांला 'उंदीरअप्पा' म्हटले, तर त्याने ते नाव माझ्या दारात येऊन घ्यावे.