लेडी मार्जोरीचा आवाज

व्हेरॉनिका तुस्कानो बहरीनला, मनाम्यातल्या एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. नाटकाचं वेड तिला वसईपासूनचं. १९९२ साली इंग्रजांच्या क्लबातल्या नाटक मंडळाने तिला घेतलं, ते मोलकरणीच्या कामासाठी. वाक्य एकच: चहा आणलाय, मॅडम. दिग्दर्शिका मिसेस हार्टली म्हणाल्या की हे काम तिला अगदी सहज जमेल. वसईला असताना व्हेरॉनिकाने कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं, पण ते तिने पोटातच ठेवलं.

पुढची तीन वर्षं तिने निरनिराळ्या नाटकांत तोच चहा आणला. नवरा अँथनी घरी अरादला परतताना दर वेळी म्हणायचा, की आज ती जास्त छान चालली.

मग इंग्रजी रेडिओला विनोदी कार्यक्रमासाठी आवाज हवा होता. व्हेरॉनिकाने फोनवर रोज ऐकलेल्या मडमांचा सूर उचलला आणि लेडी मार्जोरी उभी केली: एसी बिघडला तरी साम्राज्य बुडाल्यासारखी रडणारी बाई. क्लबातल्या बायका हसून बेजार झाल्या. प्रत्येकीला ती आपली शेजारीण वाटली. असा अस्सल आवाज लंडनलाच घडतो, असं मिसेस हार्टलींनी जाहीर केलं.

आवाज कुणाचा हे कळल्यावर त्यांनी लेडी मार्जोरीचं नाटक काढलं. मात्र व्हेरॉनिकाचा चेहरा प्रेक्षकांना पटणार नाही, असं त्यांचं मत पडलं. लेडी त्या स्वतः होणार आणि नुसते ओठ हलवणार. व्हेरॉनिका विंगेतून बोलणार. मोलकरीणही तीच, सवयीची म्हणून. चहाचा प्रवेश नेहमीचाच, तेव्हा तालमीत तो गाळलाच जायचा. व्हेरॉनिकाला घोळ दिसत होता. तिने तो दाखवला नाही.

प्रयोगात लेडीने घंटा वाजवली. व्हेरॉनिका ट्रे घेऊन आत आली आणि लेडीची वाचाच बसली. ओठ हलताहेत, आवाज मफी, अरबीत म्हणतात तसा, नाहीच. व्हेरॉनिकाने ट्रे ठेवला, खुर्चीत ऐसपैस बसली, स्वतःसाठी चहा ओतला आणि लेडीच्या आवाजात म्हणाली, "अशी तोंड काय हलवतेस? साखर आण."

हॉल हसून लोटपोट झाला. मिसेस हार्टली खरंच साखर आणायला गेल्या.

त्यानंतर लेडी मार्जोरी व्हेरॉनिकाच करू लागली. १९९८ साली अँथनीची नोकरी संपली आणि दोघं वसईला परतायला निघाली. निरोपाच्या भाषणात मिसेस हार्टलींनी सांगितलं, की या मुलीला आपणच घडवलं. व्हेरॉनिकाने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.